ठासणीची बंदूक आणि नळीत अडकलेली गोळी

आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचा विषय निघाला की मायनाक भंडारी यांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच होय. 1679 साली शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून त्यांनी खांदेरी बेटावर तटबंदीचे काम आरंभिले आणि मुंबईकर इंग्रजांच्या आरमारास दाद दिली नाही. त्याच्या काही वर्षे आधी मुंबईचा गव्हर्नर जेरॉल्ड आँजिअर याने भंडारी जवानांचे पथक उभारले होते. माहीम, शिवडी व शीव येथे त्या पथकाचे सुभेदार असत, आणि मुंबईच्या पोलीस दलाचा उगम त्यातच मानला जातो. पुढे ज्या साष्टी बेटावर आपली जोगेश्वरी वसली आहे त्या बेटात 1737 साली मराठी फौजा उतरल्या, आणि 1739 साली शेजारचा वेसाव्याचा किल्लाही फिरंग्यांच्या हातून गेला.

या साऱ्या काळातील बंदूक तोंडाकडून भरावयाची, म्हणजे ठासणीची होती. पराक्रमाच्या कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो; परंतु ते शस्त्र हाताळण्याची विद्या मात्र आपल्या घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. कोकणातील कित्येक घरांत आजही ठासणीची बंदूक आहे. म्हणून त्या विद्येचा एक लहानसा भाग, अडकलेली गोळी बाहेर काढण्याचा, येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बंदूक भरण्याचा क्रम असा. नळीच्या तोंडातून प्रथम मोजकी दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा अथवा काथ्याचा बोळा बसवावयाचा, मग शिशाची गोळी सोडून गजाने ती दारूपर्यंत ठासावयाची. नळीच्या बुडाशी जे बारीक छिद्र असते त्यास कान म्हणतात. जुन्या बंदुकीत त्या कानाशी रंजक घालून तोड्याने अथवा चकमकीने पेटवीत. पुढे एकोणिसाव्या शतकात घोड्याखाली टोपी ठेवण्याची पद्धत आली.

आता गोळी अडकते कशामुळे? या दारूत सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक असतो. ती जळाली म्हणजे सगळाच भाग धूर होऊन निघून न जाता काही भाग काजळीच्या रूपाने मागे राहतो. ही काजळी हवेतील ओल शोषून घेते. कोकणच्या पावसाळ्यात तर तिचा चिखल होतो आणि मागोमाग गंजही चढतो. चार बार झाले की नळी अरुंद होते आणि पाचवी गोळी मध्येच थांबते. अशी अर्ध्यावर थांबलेली गोळी फार घातक. दारू व गोळी यांमध्ये पोकळी राहिली असता बार काढला, तर नळीच फुटून नेम धरणाऱ्याचा हात जातो.

जाणते लोक अशा वेळी उतावीळपणा करीत नसत. प्रथम टोपी अथवा रंजक दूर करीत. मग कानातून पाणी सोडून आतील दारू पुरती भिजवून निर्जीव करीत. त्यानंतर गजाच्या टोकास मळसूत्र बसवून ते शिशात फिरवीत आणि गज सरळ रेषेत, धिमेपणाने ओढीत. नळीच्या तोंडासमोर कोणीही उभे राहावयाचे नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला जाई. घाईत दारू घालण्यास विसरून नुसतीच गोळी ठासली गेली, तर कानातून चिमूटभर दारू आत सारून ती गोळी उडवून टाकण्याची युक्तीही होती. मात्र त्यापूर्वी गोळी बुडाशी टेकली आहे याची खात्री करून घेत.

रायफलीत ही अडचण दुणावली. नळीत पेच असल्याने गोळी घट्ट बसल्यावाचून ती पेच धरीत नाही, आणि घट्ट बसली की तोंडाकडून आत जात नाही. 1800 च्या सुमारास इंग्रजांच्या बेकर रायफलीबरोबर गोळी आत ठोकण्यास आरंभी लाकडी हातोडी देत असत. 1853 च्या एनफील्ड रायफलीची नळी 0.577 इंचांची होती. तिची गोळी सुलभ सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदास चरबी लावीत. दाताने तोडावयाच्या त्याच काडतुसांवरून 1857 साली केवढा वणवा पेटला, हे सर्वश्रुत आहे. त्या उठावास राज्यकर्त्यांच्या अन्यायाची इतर अनेक कारणे होती, हे खरेच. पण निमित्त झाली ती गोळी नळीत अडकू नये म्हणून लावलेली चरबी! पुढे त्या गोळीचा व्यास कमी करून 0.55 इंच करण्यात आला.

भरलेली बंदूक तशीच राहून जाणे हा दुसरा धोका. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 साली गेटिसबर्गच्या रणांगणावर सुमारे 27,000 बंदुका गोळा करण्यात आल्या; त्यांपैकी सुमारे 24,000 भरलेल्या होत्या, आणि कित्येकांत एकावर एक अनेक बार ठासलेले आढळले. शिकविलेल्या शिपायांची जर ही गत, तर आपल्या घरच्या बंदुकीविषयी काय बोलावे? आजोबांनी डुकरासाठी भरली, डुक्कर आले नाही, बंदूक खुंटीवर गेली. दारू कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे जिवंत राहते. दसऱ्यास आपण तिची पूजा करतो, मुले ती हाती घेतात, आणि ती रिकामी आहे असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

1959 च्या शस्त्र कायद्यात शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. परवानाधारक निवर्तल्यास वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बंदूक भरलेली आहे किंवा कसे, हे जाणण्याची जुनी खूण सोपी आहे. टोपी नाही हे पाहून, तोंडासमोर न येता गज नळीत अलगद सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी आणि तो बाहेरून नळीस लावून पाहावा. गजाचे टोक कानापर्यंत न पोहोचता अलीकडेच राहिले, तर आत काहीतरी आहे असे निश्चित समजावे. पुढचे काम मात्र स्वतः करू नये. बंदूक हलवू नये, पोलीस ठाण्यास कळवावे आणि जाणत्या कारागिराकडूनच ती रिकामी करवून घ्यावी.

पूर्वजांनी बंदूक भरण्याइतकेच ती रिकामी करण्याचेही ज्ञान जतन केले होते. येत्या सुट्टीत जे ज्ञातिबांधव गावी जातील, त्यांनी घरातील खुंटीकडे एकदा या दृष्टीने अवश्य पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.