चांदीची धाव

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला धाव म्हणतात. दगडाधोंड्यांतून जातांना चाकाचें लाकूड झिजूं नये, एवढेंच तिचें काम. ही धाव कोणी चांदीची करील, असें सांगून आज खरें वाटणार नाहीं. तथापि अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या चार वर्षांत, नागपूर-वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखांत कोठें कोठें चांदीच्या धावांच्या गाड्या आणि चांदीच्या फाळांचे नांगर दिसूं लागले होते, अशी नोंद त्या प्रांतांत कापूस खात्यावर नेमलेला अधिकारी हॅरी रिव्हेट-कार्नाक यानें करून ठेविली आहे. पुढें पुष्कळांनीं ही गोष्ट शेतकऱ्याच्या उधळेपणाचा दाखला म्हणून सांगितली. परंतु ती चांदी कोणत्या वाटेनें गांवांत आली, आणि गांवांतून बाहेर जातांना तिची किंमत काय उरली, हें पाहिल्याखेरीज या उधळेपणाचा न्याय करणें योग्य होणार नाहीं.

आजच्या यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी हें तालुक्याचें गांव या मुलखाचा चांगला नमुना आहे. जवळच टिपेश्वरचें अरण्य, दक्षिणेस पैनगंगेचें खोरें, आणि डोंगरांच्या ओळींमधून पसरलेली काळी कापसाची जमीन. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारांत दिला. त्यानंतर या भागाचा जो जिल्हा बनला तो १९०५ सालापर्यंत वणी जिल्हा या नांवानें ओळखला जात असे. जमीन उत्तम, कापूस चांगला. वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाटच्या कापसाचें नांव तर पुढें विलायतेच्या बाजारापर्यंत गेलें. अडचण होती ती एकच. समुद्र फार दूर होता. कापूस हा वजनाच्या मानानें जागा फार अडविणारा माल. पावसानें भिजणारा, धुळीनें मळणारा, ठिणगीनें पेटणारा. तो शेतांत पिकविणें हें एक काम होतें, आणि गिऱ्हाइकापर्यंत नेऊन पोंचविणें हें त्याहून मोठें साहस होतें.

हें साहस बंजाऱ्यांचे तांडे करीत. नाईकाच्या हुकुमाखालीं शेंकडों, कधीं हजारों बैल पाठीवर गोणी लादून चालत. बायकामुलें, कुत्रे, भांडींकुंडीं, सगळा संसार बरोबर असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडचा कापूस बहुतेक मिर्झापुरास जात असे. तेथें तो गंगेवर नावांत चढे. ही वाट सुमारें ५०० मैलांची. लादलेला बैल चरत चरत दिवसाला फार झालें तर दहाबारा मैल चालणार. म्हणजे केवळ जाण्यासच दीड-दोन महिने लागावयाचे. वाटेंत नद्या, जंगलें, वाघ. १८१८ पर्यंत पेंढाऱ्यांची व त्यानंतरही कित्येक वर्षें ठगांची धास्ती. बैलांत रोगाची सांथ शिरली तर रानांतच तांडा बसला. पाऊस लवकर लागला तर कापूस भिजून दुप्पट जड झाला आणि किमतीनें निम्मा झाला. या धोक्यांना विमा नव्हता. नाईकाची जबान हाच दस्तऐवज आणि बैल हेंच भांडवल.

मुंबईची वाट धरण्याचें धाडस पहिल्यानें मोठ्या प्रमाणावर केलें तें विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं. १८२५-२६ सालीं त्यांनीं वऱ्हाडांतून थेट मुंबईस ५०० बैलांवर कापूस लादून पाठविला. वजन १,२०,००० पौंड, किंमत २५,००० रुपये. म्हणजे प्रत्येक बैलाच्या पाठीवर २४० पौंड वजनाचा आणि ५० रुपये किमतीचा माल होता. चारशें मैलांहून अधिक लांबीच्या त्या वाटेवर एक बैल दरींत गेला कीं ५० रुपये गेले. तांडा सुखरूप पोंचला, व्यापार वाढला, वऱ्हाडांत कापूस दाबण्याचे यंत्रस्क्रू याच पेढीनें आणिले. पुढें निजामाचा दिवाण चंदुलाल यास तिनें मोठमोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या. औरंगाबादच्या टांकसाळींत पेस्तनजीच्या नांवानें ओळखला जाणारा पेस्तनशाही रुपया पडूं लागला, आणि कर्जाच्या फेडीसाठीं वऱ्हाडांतील महसुलाचा वसूल पेढीच्या हातीं आला. परंतु चंदुलाल गेल्यावर दरबारानें ते महाल परत घेतले, आणि पेढी बुडाली. सह्याद्रीच्या घाटांनीं जिला अडविलें नाहीं, ती दरबाराच्या उधारींत गेली. वाटेवरचा धोका डोळ्यांस दिसतो, म्हणून माणूस त्याची तयारी करितो; हिशेबांतला धोका दिसत नाहीं.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं आणि लॅंकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. लिव्हरपूलच्या बाजारांत १८६० सालीं पौंडाला सात पेन्सच्या आसपास असलेला अमेरिकन कापूस १८६४ सालीं पंचवीस पेन्सच्या वर गेला, आणि त्याच्या पाठोपाठ हिंदुस्थानच्या कापसाचा भावही अनेक पटींनीं चढला. या चारपांच वर्षांत नेहमींच्या उत्पन्नाहून सुमारें ८ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें ८० कोटी रुपये, मुंबईकडे अधिक आले असा अंदाज तेव्हां केला गेला होता. मुंबईनें त्या पैशाचें काय केलें? समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, रोज नव्या बॅंका निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होऊं लागले. वकील, कारकून, दुकानदार, पेन्शनर, सगळे या खेळांत उतरले.

खेड्यांत भाग विकावयास कोणी येत नव्हता. पैसा आला तो रोख चांदीच्या रूपानें. घाटंजीच्या आसमंतांतल्यासारख्या गांवांत ना बॅंक, ना पोस्टाची ठेव, ना विम्याचा हप्ता. शेतकऱ्याच्या हातीं पैसा आला कीं त्याच्यापुढें चार वाटा असत: जुनें कर्ज फेडणें, विहीर किंवा जमीन, लग्नकार्य, आणि दागिना. या चारही गोष्टी झाल्या. त्याखेरीज बैलांच्या पळत्या जोड्यांना वेड्यासारख्या किमती आल्या, असें तत्कालीन कागदपत्रांत नमूद आहे. ज्यानें वैदर्भीय शंकरपट पाहिला आहे त्यास याचें नवल वाटणार नाहीं. नांगराचा बैल पोट भरतो. पटाचा बैल घराण्याचें नांव दहा गांवांत नेतो. ज्या माणसानें पिढ्यान्‌पिढ्या पाटील-सावकारांच्या ओट्याखालीं उभें राहून बोलणें केलें होतें, त्यास आपली दमणी सर्वांच्या पुढें काढण्याची हौस वाटली, तर ती समजण्यासारखी आहे. चांदीची धाव ही त्याच हौसेची परिसीमा. चांदी मऊ, खडकाळ वाटेवर ती लोखंडापेक्षां कितीतरी लवकर झिजणार. ती गाडी लग्नाच्या वरातीखेरीज फारशी बाहेर निघाली नसेल, असेंच मानावें लागतें.

१८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. ती बातमी येतांच मुंबईचा बाजार कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस उजाडला तेव्हां पैसे देणारा कोणी राहिला नव्हता. प्रेमचंदांचें दिवाळें निघालें, पुढें मुंबई बॅंकही बुडाली. नवसारीचा एक तरुण व्यापारी, जमशेटजी टाटा, त्या वेळीं कापसाच्या व्यवहारासाठीं लंडनला गेला होता. हातांतल्या हुंड्या कागदाच्या किमतीच्या झाल्याचें त्यास परक्या शहरांत कळलें. त्यानें घेणेकऱ्यांपुढें सर्व हिशेब मांडला, त्यांचा विश्वास राखला, आणि बारा वर्षांनीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, याच कापसाच्या मुलखांत, नागपुरास, एम्प्रेस मिल सुरू केली. व्यापाऱ्याला पडून पुन्हां उठण्याची सोय होती. त्याची पेढी बुडे, तो स्वतः बुडत नसे.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी होती. त्याचें दुर्दैव असें कीं, भाव होता तेव्हां आगगाडी नव्हती, आणि आगगाडी आली तेव्हां भाव नव्हता. बोर घाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं आणि थळ घाटांतील १८६५ सालीं खुला झाला. नागपुरापर्यंत गाडी पोंचली १८६७ सालीं. खामगांव व अमरावती यांच्या शाखा १८७० व १८७१ सालीं झाल्या. यवतमाळास अरुंद मार्गाची गाडी येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. तेजीच्या दिवसांत भावाचा बराच भाग वाहतुकींत आणि दलालींत जिरला. मंदींत मात्र लिव्हरपूलचा पडता भाव आगगाडी व तारायंत्र यांच्या योगानें त्वरित गांवांत येऊं लागला. तेजीच्या भावावर भरंवसा ठेवून सावकारांनीं कर्जें दिलीं होतीं. भाव उतरला, कर्ज उतरलें नाहीं. आणि नव्या कायद्यानें जमीन विकतां व गहाण टाकतां येण्याजोगी झाल्यामुळें ती कर्जापोटीं जाऊं लागली. पुणें-नगरकडे याच उताराचा शेवट १८७५ सालीं सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत झाला. त्यांत शेतकऱ्यांनीं मुख्यतः सावकारांचे दस्तऐवज जाळले. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा त्यांतून निघाला. वऱ्हाडांत तसा भडका उडाला नाहीं; तेथें जमिनी निमूटपणें हस्तांतरित झाल्या.

कोणी म्हणेल, भाव गेला तरी चांदी घरांत होतीच ना? दुष्काळाच्या वेळीं ती उपयोगी पडावी म्हणूनच तर ती घेतलेली. ही गोष्ट खरी, आणि येथेंच या इतिहासांतलें सर्वांत कमी सांगितलें जाणारें प्रकरण येतें. १८९३ पर्यंत कोणासही टांकसाळींत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेतां येत असत. म्हणून तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनांत पक्का होता. जगांत चांदी स्वस्त होत चालल्यामुळें जून १८९३ मध्यें सरकारनें टांकसाळी लोकांस बंद केल्या. रुपयाचा भाव कृत्रिम रीतीनें वर राहिला. चांदीचा मात्र घसरत गेला. त्यानंतर १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन भयंकर दुष्काळ पडले, आणि वऱ्हाडही त्यांतून सुटलें नाहीं. घराघरांतून कडीं, तोडे, गोठ सराफाकडे गेले. शतकाच्या शेवटीं एका रुपयांत जितकी चांदी असे तितक्या चांदीची बाजारांतील किंमत दहा आण्यांच्या घरांत आली होती. धान्य घ्यावयाचें तें सोळा आण्यांच्या रुपयानें, आणि विकावयाची ती दहा आण्यांची चांदी. कलकत्ता-सिमल्यास घेतलेल्या एका निर्णयानें खेड्यांतील स्त्रियांच्या अंगावरच्या शिलकीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग नाहींसा झाला. तिनें कोणताही सट्टा खेळला नव्हता.

ज्यांनीं वाटेवरचा धोका पत्करला त्या बंजाऱ्यांचें काय झालें, हेंही सांगणें जरूर आहे. आगगाडी आली आणि लदणीचा धंदा बसला. ज्यांच्या इमानावर लाखोंचा माल जात असे, त्यांच्यांतील कांहीं समूहांवर १८७१ च्या कायद्यानंतर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. बैल विकून तांडे डोंगराच्या पायथ्याशीं स्थिरावले, आणि त्यांचे वंशज त्याच काळ्या जमिनींत कापूस लावूं लागले. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदजवळच्या गहुलीच्या अशाच एका बंजारा घराण्यांतील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १९७२ सालीं, राज्यानें एकाधिकार कापूस खरेदीची योजना सुरू केली. भावाचा धोका एकट्या शेतकऱ्यावर न ठेवतां सर्व समाजानें वांटून घ्यावा, हें तिचें मूळ सूत्र. पुढें तोटा वाढत गेला, कारभाराचे दोष दिसले, आणि नव्या शतकाच्या आरंभीं तो एकाधिकार उठला. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्तांत यवतमाळ जिल्ह्याचें नांव वारंवार येऊं लागलें.

आजही एखाद्या चांगल्या हंगामानंतर घाटंजीच्या बाजारपेठेंत नवी मोटारसायकल, लग्नाचें सोनें, घराचा मजला यांवर पैसा खर्च होतो, आणि शहरांतील माणूस मान हलवितो. त्या मान हलविण्याआधीं १८६५ चे दोन ताळेबंद शेजारीं ठेवून पाहावे. शहरानें पन्नास हजारांस जो कागद घेतला त्याची किंमत थोड्याच काळांत मातीमोल झाली. खेड्यानें जी चांदी घेतली ती निदान पस्तीस वर्षें टिकली, आणि भुकेच्या वेळीं दहा आण्यांस कां होईना, पण तिचें धान्य आलें.