आयातीमुळे बेकार: अमेरिकेतील एका मदत योजनेचा इतिहास

ट्रेड अॅडजस्टमेंट असिस्टन्स ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना परदेशी व्यापारामुळे नोकरी गमावलेल्या कामगारांसाठी होती. नेहमीच्या बेकारी भत्त्यापेक्षा तिच्यात जास्त मिळे. भत्त्याची मुदत वाढे, नवे काम शिकण्याचा खर्च निघे, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायलाही हातभार लागे. मात्र नोकरी परदेशी मालामुळेच गेली, हे आधी ठरावे लागे. कारखाना नव्या यंत्रांमुळे बंद पडतो, मंदीमुळे पडतो, मालकाच्या चुकांमुळेही पडतो; बहुधा ही सगळी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. ती वेगळी काढण्याची कसोटी साठ वर्षांत अनेकदा बदलली. ती कधी बदलायची हे बहुतेक वेळा कामगारांच्या गरजेपेक्षा काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, मतांच्या हिशेबाने ठरले.

कल्पना मांडली ती पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी, १९५४ मध्ये, व्यापार धोरणासाठी नेमलेल्या रँडल आयोगापुढे. आयात शुल्क उतरवून साऱ्या देशाचा फायदा होणार असेल, तर त्याची झळ मोजक्या कामगारांनीच का सोसावी, असा त्यामागचा विचार. तेव्हा तो मागे पडला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना शुल्ककपातीच्या वाटाघाटींचे अधिकार हवे होते, कामगार संघटनांचा पाठिंबाही हवा होता. त्या वर्षीच्या व्यापार विस्तार कायद्यात ही मदत आली.

पण अट अशी घातली की मदत कागदावरच राहिली. आयात वाढली ती मुख्यतः अमेरिकेने दिलेल्या शुल्कसवलतीमुळे, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळे, असे दोन्ही दुवे टॅरिफ कमिशन या सरकारी आयोगाला पटवावे लागत. सवलत दहा वर्षांपूर्वीची असली, तर आजच्या आयातीशी तिचा संबंध कसा जोडणार? नोव्हेंबर १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. त्या महिन्यात पोलादी पाइप बनवणाऱ्या कामगारांना पहिल्यांदा होकार मिळाला.

१९७४ च्या व्यापार कायद्याने दार खरोखर उघडले. शुल्कसवलतीचा दुवा गेला. आयातीचा नोकरी जाण्यात ‘महत्त्वाचा वाटा’ असला की पुरे, आणि निर्णय कामगार खात्याकडे. तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा. खाते कंपनीकडून विक्री-उत्पादनाचे आकडे मागवी आणि तिच्या गिऱ्हाइकांना विचारी की तुम्ही आता परदेशी माल घेता का. म्हणजे कामगाराचे भवितव्य त्याने कधी न पाहिलेल्या एखाद्या खरेदी अधिकाऱ्याच्या उत्तरावरही अवलंबून राही. पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी निदान तिघांची, मोठ्या ठिकाणी पाच टक्के किंवा पन्नास, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांची नोकरी गेलेली असावी लागे. गटाला मंजुरी मिळाली तरी भत्त्यासाठी प्रत्येकाची वेगळी तपासणी होई: आधीच्या ५२ आठवड्यांत किमान २६ आठवडे काम, आठवड्याला किमान ३० डॉलर मजुरी. हा ३० डॉलरचा आकडा पुढे कधीच वाढला नाही. महागाईने तो इतका किरकोळ केला की अट असून नसल्यासारखी झाली.

तेलाच्या भडक्यानंतर छोट्या जपानी गाड्यांनी बाजार व्यापला आणि मोटार कामगारांची रीघ लागली. १९८० या आर्थिक वर्षात पाच लाखांहून अधिक लोकांना भत्ता मिळाला, खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर गेला. १९८१ मध्ये रेगन सरकारने भत्ता बेकारी भत्त्याइतकाच केला, तोही बेकारी भत्ता संपल्यावर. १९८८ मध्ये प्रशिक्षणाची सक्ती आली. कामगार संघटना या मदतीला अंत्यविधीचा विमा म्हणून हिणवत, ते उगाच नव्हे.

१९९३ मध्ये मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार मंजूर करून घेताना त्या देशांत हललेल्या कारखान्यांसाठी वेगळी तरतूद झाली; २००२ मध्ये ती मूळ योजनेत मिसळली. त्याच वेळी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक भरून देण्याची, दोन वर्षांत कमाल १०,००० डॉलरची, सोय झाली. मात्र काम परदेशी हलवल्याचा निकष मुख्यतः अमेरिकेशी मुक्त व्यापार करार असलेल्या देशांना लागू होता. भारताशी तसा करार नव्हता. त्यात कायदा ‘वस्तू’ बनवणाऱ्यांनाच ओळखे. भारतात काम गेल्याने घरी बसलेल्या प्रोग्रामरला खाते सांगे की सॉफ्टवेअर सीडीवर असेल तरच ती वस्तू. तारेवरून पाठवले तर नव्हे. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने हा युक्तिवाद वारंवार नाकारला, तेव्हा २००६ मध्ये खाते नमले. सेवाक्षेत्रातले कामगार आणि कोणत्याही देशात हललेले काम यांना कायद्याने जागा मिळाली ती २००९ मध्ये, मंदीवरच्या उपायांच्या विधेयकातून.

ही वाढीव पात्रता २०११ च्या आरंभी संपली. कोरिया, कोलंबिया आणि पनामा यांच्याशी झालेले करार मंजूर करायचे होते, म्हणून त्याच वर्षी ती बऱ्याच अंशी परत आली. २०१५ मध्ये ओबामांना वाटाघाटींचे अधिकार देताना योजना पुन्हा लांबली. ते अधिकार १ जुलै २०२१ रोजी संपले, त्याच दिवशी योजना २००२ च्या निकषांवर घसरली. बदल्यात मागण्यासारखा व्यापारी कायदा यावेळी समोर नव्हता. १ जुलै २०२२ पासून कामगार खात्याचा नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकार गेला. आधी पात्र ठरलेल्यांचे लाभ चालू राहिले. त्यानंतर आलेले अर्ज निर्णयाविना पडून राहिले.