मऊपणाची मालकी

प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगट हा धागा शल्यविशारद जखमा शिवण्यासाठी दीर्घकाळ वापरत आले. तो ज्या तंतुमय प्रथिनाचा बनलेला असतो ते कोलॅजेन, म्हणजे त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणारे द्रव्य, विसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरात बसवायच्या पडद्यांचा कच्चा माल झाले. अमेरिकेतील लाइफसेल कंपनीने मृत दात्यांच्या त्वचेतील पेशी काढून टाकून उरलेली कोलॅजेनची जाळी ‘अॅलोडर्म’ या नावाने विकायला आणली. पेशीच नसल्यामुळे रुग्णाचे शरीर अशी जाळी सहसा नाकारत नाही, उलट त्याच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या हळूहळू तिच्यात शिरून वस्ती करतात. डुकराच्या त्वचेपासून केलेला ‘स्ट्रॅटिस’ हा पडदा त्यानंतरचा.

खरी अडचण साठवणुकीची होती. पडदा गोठवून वाळवला की तंतूंमधले पाणी निघून जाते आणि तो कडक, ठिसूळ होतो, त्यामुळे रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना परिचारिकेला तो बराच वेळ सलाइनमध्ये भिजवत ठेवावा लागे. व्हर्जिनियातील लाइफनेट हेल्थ या ऊतिपेढीने यावर उपाय शोधला, आणि 2003 मध्ये मिळालेल्या तिच्या पेटंटात पाण्याच्या जागी ग्लिसरॉलसारखे मृदुकारक, म्हणजे तंतू लवचिक ठेवणारे द्रव्य, जाळीच्या आत भरण्याची योजना होती. मात्र प्रत्यारोपणापूर्वी ते काढून टाकलेले नसावे, अशी अटही त्यात होती.

2013 मध्ये लाइफनेटने लाइफसेलच्या वापरण्यास तयार पडद्यांविरुद्ध दावा लावला आणि वादाचा सारा भार या अटीवर आला. शल्यविशारद पडदा बसवण्यापूर्वी धुतात, तेव्हा मृदुकारक राहते की जाते हे त्यांच्या कृतीवर ठरते, मग उत्पादकाने पेटंटभंग केला असे कसे म्हणता येईल, असा लाइफसेलचा बचाव होता. 2014 मध्ये ज्यूरीने तो अमान्य करून सुमारे 3 कोटी 47 लाख डॉलरची भरपाई ठरवली. सप्टेंबर 2016 मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने म्हटले की ही अट वापरकर्त्याची कृती सांगत नाही, पडद्याची स्थिती सांगते. हा निष्कर्ष योग्यच म्हणावा लागेल, कारण अन्यथा वस्तू घडवणाऱ्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवर ढकलली गेली असती. हा शोध आधीच ज्ञात असल्याने पेटंट अवैध ठरते, हा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला आणि भरपाई कायम केली.