ग्रॅम यांचा जांभळा रंग

रोगजंतू रक्तात शिरून वाढू लागले, म्हणजे रुग्णाची एकेक घटका मोलाची होते. अशा वेळी त्याचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून ती शरीराइतक्या उष्णतेत ठेवतात. जंतू वाढले की त्या द्रवाचा थेंब काचेवर पसरतात. परंतु जंतू बहुधा रंगहीन असतात. सूक्ष्मदर्शकाखालीही ते स्पष्ट दिसत नाहीत. त्यांना रंग चढवावा लागतो.

हा रंग ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हान्स क्रिस्तियान ग्रॅम हे डॅनिश वैद्य १८८४ साली बर्लिन येथे कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करीत होते. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जंतू शोधावयाचे, तर जंतूंबरोबर आसपासच्या पेशीही रंगून जात. ग्रॅम यांनी आधी जांभळा रंग, मग आयोडीनचे द्रावण व शेवटी अल्कोहोल अशी योजना केली. पेशींचा रंग धुऊन निघाला. जंतू गडद राहिले. पण सगळेच नव्हेत! विषमज्वराच्या जंतूंनी रंग सोडून दिला. ग्रॅम यांना ही उणीव वाटली, आणि आपली पद्धत सदोष असल्याचे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले.

पुढे हीच उणीव गुण ठरली. ज्यांचे कवच जाड, ते जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ कवचाचे तो गमावतात व मागाहून दिलेला तांबडा रंग घेतात. पहिले ग्रॅम-पॉझिटिव्ह, दुसरे ग्रॅम-निगेटिव्ह. दोहोंवर चालणारी औषधे पुष्कळदा निराळी असतात. जंतूचे नेमके नाव कळावयास बहुधा एखादा दिवस लागतो. रंगाची साक्ष मात्र काही मिनिटांत मिळते, आणि तिच्या आधारे उपचाराची दिशा ठरते.

तथापि या रंगालाही मर्यादा आहे. एका मिलिलिटरात सुमारे १ लाख जंतू असल्याखेरीज ते सहसा नजरेस पडत नाहीत. अॅक्रिडिन ऑरेंज या चमकत्या रंगाने सुमारे १० हजार असले तरी दिसतात; पण जंतू कोणत्या गटाचा, हे तो सांगत नाही. त्यासाठी पुन्हा ग्रॅम यांच्याकडेच यावे लागते.

आज बाटलीतील वाढीची वर्दी यंत्र देते. तरी त्यानंतरची पहिली तपासणी बहुधा हीच असते. ग्रॅम १९३८ साली निवर्तले. पेनिसिलिनचा उपचारात वापर रूढ झाला तो त्यांच्यामागून. ज्या भेदाला त्यांनी दोष मानले, त्यावर पुढे किती जीव वाचावयाचे होते, हे पाहावयास ते उरले नाहीत.