भातुकली आणि भोवरा

श्रोतेहो, संक्रांतीच्या सुमारास आमच्या सोलापुरात श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेच. नंदीध्वजांची मिरवणूक व अक्षतांचा सोहळा आटोपला, की मोठ्या माणसांची यात्रा सरते आणि मुलांची सुरू होते. कारण होम मैदानावरचा बाजार, ज्याला आम्ही गड्डा म्हणतो, तो पुढे कित्येक दिवस चालतो. मी सहासात वर्षांचा असताना वडील मला व माझ्या धाकट्या बहिणीला गड्ड्यावर घेऊन गेले. मला त्यांनी लाकडी भोवरा घेऊन दिला व तिला पत्र्याची भातुकली. तिने मात्र भोवऱ्याकडे बोट दाखविले. दुकानदार हसून म्हणाला, “पोरीच्या जातीला भोवरा कशाला गं?” वडीलही हसले. ती घरापर्यंत रडत आली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तिच्या हाती भोवरा दिला. दोनतीन प्रयत्नांत तो तिच्या हातून माझ्यापेक्षा सुरेख फिरू लागला. तेव्हा मी तो परत घेतला आणि कोनाड्यात लपवून ठेवला. आज आपणांस जे सांगावयाचे आहे, ते त्या प्रसंगातूनच निघालेले आहे.

कोणता खेळ कोणाचा, हे मुले ठरवीत नाहीत. ते मोठी माणसे ठरवितात, आणि मुले ते इतक्या लवकर शिकतात की तो निसर्गाचाच नियम आहे असे त्यांस वाटू लागते. आपले जुने खेळ डोळ्यांपुढे आणा. विटीदांडू, सूरपारंब्या, पतंग, भोवरा हे सारे मुलाला घराबाहेर काढणारे. सागरगोटे, काचापाणी, भातुकली हे ओटीवर व परसदारी मावणारे. भातुकलीत आम्हा मुलग्यांना बोलावणे येई, नाही असे नाही. पण ते जेवावयास! खोट्या भाताचे खोटे घास घेऊन, “मीठ कमी पडले” असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस सातव्या वर्षीच प्राप्त झालेला असे.

बाहुला-बाहुलीच्या लग्नाचेही तसेच. आज आपण त्याकडे कौतुकाने पाहतो. परंतु ज्या काळी तो खेळ घरोघर रंगे, त्या काळी तो निव्वळ खेळ नव्हता, ती तालीम होती. पुढे 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न झाले 1874 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी. रमाबाई रानडे 1873 मध्ये अकराव्या वर्षी सासरी आल्या. ज्या हातांनी काल बाहुलीला मुंडावळ्या बांधल्या, त्याच हातांनी आज स्वतःच्या बांधून घ्यावयाच्या, असा तो काळ होता. आश्विनात पाटावर हत्ती मांडून मुली त्याभोवती फेर धरीत. कोठे त्यास भोंडला म्हणत, कोठे हादगा, विदर्भात भुलाबाई. त्या गाण्यांतही सासर आणि माहेर हेच दोन मुलूख. त्यांतून मुलीच्या मनातील दुःखाला वाट मिळे हे खरे. पण याहून निराळा मुलूख जगात असतो, हे कळावयास वाट नसे. 1929 चा शारदा कायदा झाला, त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले; 1978 मध्ये ते अठरा झाले. बाहुलीचे लग्न मुलीच्या लग्नापासून दूर गेले, तेव्हा कुठे तो खरोखरीचा खेळ झाला.

आता गोष्टींकडे वळू. चिऊताईची आणि कावळ्याची गोष्ट ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिऊताईचे दार ठोठावतो, आणि ती बाळाच्या न्हाण्यामाखण्यात गुंतलेली असते. सांगणारी आजी आवाज लांबवून ते न्हाणे, ते काजळ, ती तीट रंगवून सांगते, आणि ऐकणाऱ्या मुलीच्या मनावर ठसते की चिऊताई म्हणजे बाळाला काजळ घालणारी. पण श्रोतेहो, पावसात टिकलेले ते मेणाचे घर कोणाचे होते? ते चिऊताईचे होते. कावळ्यापेक्षा तिला बांधकाम अधिक कळत होते! गोष्टीत दोन्ही आहे. आपण मात्र काजळ तेवढे सांगत आलो. भोपळ्यात बसून लेकीच्या घराहून परत येणाऱ्या म्हातारीचेही तेच. ती एकटी रानातून जाते आणि वाघाला बुद्धीने चकविते. इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे सिंड्रेला आली. फ्रान्समध्ये पेरो याने 1697 मध्ये छापलेली ती कथा. तिच्यात मुलीची सुटका राजपुत्राच्या हाती आहे. आमच्या म्हातारीला राजपुत्राची गरज पडली नाही.

ही वाटणी मोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. तिच्यावर मोठ्यांच्या जगात 1882 मध्येच ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून प्रहार केला. लहानांच्या जगात ते काम ताराबाई मोडक यांच्या हातून झाले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचा अभ्यास केला, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत झाडणे, पुसणे, पाणी ओतणे, गुंड्या लावणे ही मुलाच्या शिक्षणाची पहिली पायरी. आणि ती मुलगा व मुलगी या दोघांनीही सारखीच चढावयाची असते. साधी गोष्ट, पण मुलाच्या हाती केरसुणी देण्यास त्या काळी धैर्य लागे.

ते धैर्य मला झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. मी शिक्षक झालो तेव्हा या थोर स्त्रियांची नावे मला पाठ होती. तरी माझ्या वर्गात मुली केर काढीत आणि मुलगे घंटा वाजवीत. तसा हुकूम मला कोणी केलेला नव्हता. एके दिवशी एका मुलीने विचारले, “गुरुजी, आमची पाळी घंटेची कधी?” मी हसलो. घरी आल्यावर ध्यानात आले, की हे हसणे गड्ड्यावरच्या त्या दुकानदाराचेच होते. पुढल्या सोमवारपासून केर आणि घंटा या दोहोंच्या पाळ्या मी फळ्यावर लिहिल्या. एवढ्याने काही क्रांती झाली नाही. मात्र मुलगे केर वाईट काढीत नाहीत, आणि घंटा मुलीने दिली तरी शाळा वेळेवरच सुटते, इतके सर्वांस कळले.

आणि हे सोलापुरात कळू नये, याचे नवल वाटते. या गावात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. कुंभारी येथे 2006 मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्या स्त्रियांनी आपल्या मजुरीतून वाटा भरून ती घरे मिळविली. चिऊताईचे घर आणखी कोठे शोधावयाचे? तरीही खेळण्यांच्या दुकानात मुलीला चूल आणि मुलाला मोटार, असेच अजून ऐकू येते. पाठ्यपुस्तके मात्र पुढे सरकली आहेत. बालभारतीच्या 2019 सालच्या दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर वडीलही भाजी निवडताना दिसतात, आणि रहदारीला हात दाखविणारी पोलीस स्त्री आहे.

माझे म्हणणे भातुकली फेकून द्या असे नाही. रांधणे ही थोर विद्या आहे, आणि ज्याला ती येत नाही त्याचे हाल म्हातारपणी मी जवळून पाहिले आहेत. म्हणणे इतकेच, की भातुकली मुलालाही द्या आणि भोवरा मुलीलाही. गोष्ट सांगताना काजळाबरोबर घराचेही सांगा.

गेल्या गड्ड्यावर मी एक लाकडी भोवरा घेतला आणि बहिणीच्या घरी नेऊन दिला. तीही आता साठीची झाली. तिने काही न बोलता दोरी गुंडाळली आणि अंगणात भोवरा टाकला. तो बराच वेळ फिरत राहिला. तिची नात आणि नातू दोघेही पाहत होते, आणि दोघांनीही एकदमच हात पुढे केला.