ओला फडका
चढणीवर तापून बंद पडलेल्या गाडीत ड्रायव्हर ओला फडका टाकत असे तो रेडिएटरवर नव्हे, पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हा पंप थेट इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. मेकॅनिक त्याला ‘एसी पंप’ म्हणत. कॅमशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यासरशी त्याचा दांडा हले, आतला पडदा वरखाली होई आणि मागच्या टाकीतले पेट्रोल खेचले जाऊन कार्बोरेटरकडे जाई. गोम या खेचण्यातच आहे. खेचताना नळीतला दाब घटतो आणि दाब घटला की उत्कलनबिंदूही उतरतो. त्यात पेट्रोलातले हलके घटक एरवीही ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. भर उन्हात, चढणीवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापले की नळीत वाफ धरे. पंपाला द्रव ढकलता येतो. वाफ नुसती दबते. कार्बोरेटरची वाटी कोरडी पडली की गाडी बंद! फडक्यातले पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाई आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. ड्रायव्हरचा हा उपाय अडाणी नव्हे, अगदी शास्त्रशुद्ध होता. इंजेक्शनच्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप बहुधा टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पुढे लोटतो. त्यामुळे तिथे वाफ धरण्याचा प्रसंग क्वचितच येतो.