खेकडा तेजोमेघातला चुंबक

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. आकाशाच्या हिशेबात हा काळ अगदीच किरकोळ! पण जन्मतारीख ठाऊक असलेली एक वास्तू तिथेही आहे, ती म्हणजे खेकडा तेजोमेघ, अर्थात क्रॅब नेब्युला.

४ जुलै १०५४ रोजी चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तो २३ दिवस चक्क भरदिवसा दिसत होता. खरे तर तो एका ताऱ्याचा स्फोट होता. सुमारे ६५०० प्रकाशवर्षे दूर, त्या जागी आज विद्युतभारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, ढग पसरतो आहे.

या ढगातल्या निळसर उजेडाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे चकवले. नुसत्या तापलेल्या वायूचा म्हणावा, तर हिशेब जुळेना. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले, की तिथून जोरदार रेडिओलहरीही येतात. मग १९५३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ इयोसिफ श्क्लोव्स्की यांनी मांडले, की दोन्हींचे मूळ एकच आहे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन तिथल्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि वळता वळता ऊर्जा बाहेर टाकतात.

आता चुंबकीय क्षेत्र काही डोळ्यांना दिसत नाही. मग खात्री कशी करायची? कल्पना खरी असेल, तर त्या प्रकाशाची कंपने मुख्यतः एकाच दिशेने व्हायला हवीत. १९५४ मध्ये व्हिक्टर डोंब्रोव्स्की यांनी मोजून पाहिले, आणि तसेच निघाले! पुढे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर ध्रुवक गाळणी फिरवून फोटो घेतले, तर दर फोटोत ढगाचे रूप वेगळे.

पण गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात. मग नऊशे वर्षांनंतरही दिवा विझला कसा नाही? उत्तर १९६८ मध्ये मिळाले. ढगाच्या मध्याशी सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेणारा पल्सार सापडला, म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा गाभा. या भोवऱ्याचा वेग हळूहळू कमी होतो आहे आणि तीच ऊर्जा ढगाला मिळते आहे.

गंमत अशी, की ढगातले हे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजाराव्या भागाहूनही दुबळे आहे. पण ते कित्येक प्रकाशवर्षे पसरलेले आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद इथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनाही या पल्सारच्या रेडिओलहरी टिपतात. हिवाळ्यात गच्चीवर गेलात, तर रोहिणी नक्षत्र शोधा. त्याच राशीत हा जुना दिवा अजून तेवतो आहे.